दहावा काटा

"ते लोखंडाची सुई पिशवीतच राहू द्या मॅडम," मुखरू निमगडे म्हणाला आणि त्याने ग्रामोफोनच्या पेटीवर हात आडवा धरला. "ह्या तव्यायनं चाळीस वर्सं झाले, लोखंड पाह्यलं नाई. आता जाता जाता काऊन टोचाचं त्यायले?"

मॅडम म्हणजे उर्वशी. नागपूरच्या एका विद्यापीठात जुन्या ध्वनिमुद्रणांचा संग्रह आहे, तिथे ती कामाला आहे. मुखरूची नात खुशबू चंद्रपूरला नर्सिंग शिकते. तिने दिवाळीत आजाच्या पेटीचा आणि तबकड्यांचा एक व्हिडिओ मोबाइलवर टाकला, तो फिरत फिरत उर्वशीपर्यंत पोचला, आणि आज मार्गशीर्षातल्या पौर्णिमेला सकाळी नवाच्या सुमारास तिची गाडी कुरखेड्याच्या पुढच्या या गावात, मुखरूच्या अंगणात येऊन उभी राहिली. पौर्णिमेलाच या, हा मुखरूचा आग्रह. तबकड्या तो संग्रहाला देऊन टाकणार होता. त्याचा उजवा कान आता नुसता शोभेपुरता उरला होता, तबकड्यांच्या पेटाऱ्याला खालून वाळवी लागली होती, आणि आपल्यामागे पोट्टे हे सगळं भंगारवाल्याच्या हातगाडीवर घालतील याविषयी त्याला तिळमात्र शंका नव्हती. त्याआधी एकदाच, शेवटचं, आपल्या पेटीवर ऐकून घ्यायचं, एवढी त्याची अट होती.

"मग वाजवता कशानं काकाजी?" उर्वशीने विचारलं.

"काट्यानं."

"काट्यानं?"

"बाभळीच्या."

म्हातारा थट्टा करतोय असं वाटून उर्वशी हसली आणि कामाला लागली. लुगड्याच्या फडक्यांत गुंडाळलेल्या पाच तबकड्या, मुखरूच्या भाषेत तवे, तिने एकेक करून सोडल्या. मधला कागद कसरीने कधीच खाऊन टाकला होता. त्यावर काय छापलं होतं ते वाचायची सोय नव्हती. फक्त प्रत्येक तबकडीच्या एका बाजूला, मधोमध, पांढऱ्या ऑइलपेंटने ठसठशीत आकडा घातलेला होता, एक ते पाच. उर्वशीने बॅटरी तिरपी धरून पहिली तबकडी डोळ्यांजवळ नेली आणि तिचं हसू मावळलं.

"काकाजी, या घासल्याच नाहीयेत."

"कशा घासतील? काटा घासते ना, तवा नाई घासत."

तिने तबकडी पुन्हा उजेडात फिरवली. खुशबूने पाठवलेल्या फोटोतल्या एका कोरीव आकड्यावरून संच कोणता ते तिने आधीच शोधून काढलं होतं. मग तिथेच चटईवर मांडी घालून बसली आणि त्याला समजेल अशा बेताने सांगू लागली. एका इंग्रज संगीतकाराने रचलेली ही सिंफनी, म्हणजे साठ-सत्तर वाजवणाऱ्यांनी मिळून वाजवायची मोठी रचना. लंडनच्या एका वाद्यवृंदाने ती वाजवली त्याला आता नव्वदेक वर्षं झाली. रचना चाळीस मिनिटांची आणि एका बाजूवर मावायची चार मिनिटं, म्हणून तिचे दहा तुकडे केले आणि पाच तबकड्यांच्या दोन-दोन बाजूंवर घातले. या वादनाबद्दल तिने पुष्कळ वाचलं होतं, पण ऐकलं कधीच नव्हतं. धड राहिलेले संच जगात हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच असतील.

"आणि काट्याचं म्हणाल तर," ती पुढे म्हणाली, "इंग्लंडमधले दर्दी लोकसुद्धा त्या काळी काट्यानं वाजवायचे. निवडुंगाच्या वगैरे. तबकडी झिजू नये म्हणून."

मुखरूचा चेहरा उजळला. "म्हनजे तिकडंबी एखादी मनकर्णा होती म्हना!"

मनकर्णा त्याची बायको. तिला जाऊन दोन वर्षं झाली होती.

मुखरू अठ्ठ्याहत्तर साली जंगल खात्यात चौकीदार म्हणून लागला, तो रानातल्या विश्रामगृहावर. साहेब आला की दार उघडायचं, पाणी तापवायचं, साहेब गेला की चादरी मोजायच्या. बत्तीस वर्षांच्या नोकरीत त्याने सरकारचा एक चमचा हरवू दिला नाही. त्या विश्रामगृहात खाटेपासून बादलीपर्यंत प्रत्येक वस्तूवर पांढऱ्या रंगाने नंबर घातलेला असे, आणि जगात ज्या वस्तूवर नंबर आहे ती आपल्या जागी आहे, अशी मुखरूची पक्की समजूत होती. लग्नानंतर त्याने मनकर्णेवर नंबर घातला नाही, हे तिचं नशीब.

तिथल्या कपाटात एका जुन्या इंग्रज अधिकाऱ्याची पेटी आणि या पाच तबकड्या पडून होत्या. त्यांनाही रेंजरच्या कारकुनाने नोंदवही करताना नंबर घातले होते. साहेब लोक नसले की दुपारी नवराबायको व्हरांड्यात पेटी लावून बसत. सुरुवातीला दोघांना काही कळेना. भजन नाही, लावणी नाही, बोल तर नाहीतच. पण चार-पाच वेळा ऐकल्यावर मनकर्णा म्हणाली, "हे गानं मानसाचं नाई जी, हे जागेचं हाय. कुठीतरी पानी हाय, आभाळ आलं हाय, अन् मानूस नाई." तेव्हापासून त्यांना ते आवडू लागलं. वाद्यांची नावं माहीत नसल्याने तिनेच नावं ठेवली. एका जाड आवाजाच्या वाजंत्रीला ती हेला, म्हणजे रेडा, म्हणे, आणि उंच, बारीक बोलणारीला कोतवाल, म्हणजे रानातला तो काळा, लांब शेपटीचा पक्षी.

मग सुयांची डबी संपली. कुरखेड्यात मिळेनात, गडचिरोलीत मिळेनात. एका दुपारी मुखरूच्या पायात बाभळीचा काटा गेला आणि मनकर्णा तो काढता काढता मध्येच थांबली. काटा उन्हात धरून बघत म्हणाली, "तुमच्या टाचेत एवढा जाते, तं तव्यात काऊन नाई जानार?"

गेला. पहिल्या दिवशी नुसती कुरकुर झाली. मग तिने काटे उन्हात वाळवले, मोहटोळीच्या, म्हणजे मोहाच्या बियांच्या, तेलात महिनाभर ठेवले, चुलीच्या धुरावर शेकले, ब्लेडने तिरपं टोक काढून घासकागदावर घासले, आणि एका पौर्णिमेला आवाज असा मऊ आला की दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. एका काट्याला एक बाजू. म्हणून दर पौर्णिमेला दहा काटे. पुढे विश्रामगृह पाडलं, नवीन बांधलं, जुनं सामान निर्लेखित झालं तेव्हा रेंजर म्हणाला, "निमगडे, घेऊन जा नाहीतर जाळून टाक." मुखरूने तशी चिठ्ठी लिहून घेतली आणि मगच पेटी घरी आणली. तेव्हापासून घरी हा नेमच झाला. पौर्णिमेला सकाळी बुद्ध-बाबासाहेबांच्या फोटोपुढे वंदना व्हायची आणि वंदनेनंतर पेटी उघडायची. चावी फिरवणं मुखरूचं काम, काटा टेकवणं आणि उचलणं मनकर्णेचं.

त्यावरून दरवेळी एक खटका उडे, आणि तोही ठरलेलाच. पहिल्या तव्याच्या पाठीवर शेवटी शेवटी सूर हळू होत जायचे, बारीक होत जायचे. मशीनने दम सोडला असं समजून मुखरू लगेच चावी घालून खडखडा फिरवू लागे. "थांबा ना जी जरासे," ती म्हणायची. "मशीन बसून राह्यली, थांबू कसा?" तो म्हणायचा. ती हात जोडायची, तो फिरवत राहायचा, आणि त्या खडखडाटात बाजू संपून जायची.

मुखरूने फडताळातून एक पत्र्याची डबी काढून उर्वशीपुढे उघडली. आत तेलाने काळसर झालेले काटे ओळीने मांडलेले होते.

"नऊ हायेत," तो म्हणाला. "कार्तिकाच्या पुनवेसाठी करून राह्यली होती. दहावा हातात होता, तेवढ्यात छातीत दुखते म्हने. हा पाहा, अर्धाच राह्यला." दहाव्या काट्याचं साल एका बाजूने काढलेलं होतं, टोक मात्र काढायचं राहून गेलं होतं. "त्यानंतर मी लावलंच नाई. नऊ काट्यायत एकदाच आयकता येते. मी तोडून आनले दुसरे, पन माझ्या हातचा काटा खरखर करते, मॅडम. हे नऊ गेले का मनकर्णा गेलीच म्हना."

 उर्वशीने पिशवीतली सुयांची डबी आणखी आत ढकलली.

मग तिने माइक मांडला, लॅपटॉप उघडला आणि नोंदीसाठी तबकड्यांचे आकडे उतरून घेऊ लागली. कागद खाल्ला गेला तरी मधल्या मोकळ्या पट्टीत काळ्या लाखेवरच बारीक आकडे कोरलेले असतात, ते तिला वाचायचे होते. पहिलीच्या दोन्ही बाजूंचे वाचले, यादीशी ताडले. दुसरीचे वाचले. मग पुन्हा पहिली हातात घेतली.

"काकाजी, तुम्ही या कशा लावता? म्हणजे कोणत्या क्रमानं?"

"नंबरानं. पह्यला तवा, नंबराची बाजू. मंग उलटाचा. मंग दुसरा तवा, नंबराची बाजू, मंग उलटाचा. असे पाच."

उर्वशीने ओठ दाबून धरले. सांगावं की सांगू नये हे तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं, आणि मुखरूने जन्मभर साहेबांचे चेहरे वाचले होते.

"सांगा ना जी. काय झालं?"

"त्या वेळी काही घरांत मोठी यंत्रं असायची," ती म्हणाली. "त्यात पाचही तबकड्या एकावर एक रचून ठेवायच्या. एक संपली की दुसरी आपोआप वरून पडायची. पाच वरच्या बाजू ओळीनं वाजल्या की सगळा गठ्ठा उलटायचा, मग मागच्या पाच वाजायच्या. हा संच त्या यंत्रासाठी केलेला आहे. पहिल्या तबकडीच्या मागे दुसरा भाग नाही काकाजी, दहावा आहे. दुसरीच्या मागे नववा. तिसरीच्या मागे आठवा."

मुखरूने बोटांवर हिशेब केला. पहिला, दहावा. दुसरा, नववा.

"म्हनजे आमी दोघं चाळीस वर्सं चुकीचंच आयकलो काय?"

"चुकीचं असं नाही म्हणता येणार..."

"चुकीले चूक म्हना मॅडम. मी सरकारी मानूस हाय."

तो उठून अंगणात गेला, रांजणातलं पाणी प्याला आणि उगीच बाभळीच्या दिशेने बघत उभा राहिला. त्याला लाज वाटत होती. पंचक्रोशीत विलायती गाण्यातला जाणकार म्हणून त्याची थोडी ऐट होती. गावात कोणी मास्तर नवीन आला की मुखरू त्याला मुद्दाम बोलावून पाचही तवे ऐकवायचा आणि मधेमधे मान डोलवायचा. ती सगळी मान चुकीच्या जागी डोलली होती. शेजारच्या अंगणात सुपाने तांदूळ पाखडत बसलेल्या गिरजाबाईने विचारलं, "काय झालं मुखरूभाऊ? पावनी चहा घेते का नाई?" त्याने नुसता हात हलवला.

आत आल्यावर तो म्हणाला, "आज आमच्याच क्रमानं लावू मॅडम. काटे तिचे हायेत, क्रमबी घरचाच राहू द्या. मंग नागपूरले नेऊन तुमी तुमचं नीट करा."

"तुमच्या मनासारखं," उर्वशी म्हणाली. तिने खरोखरच मनापासून म्हटलं.

मुखरूने चावी भरली. पहिला काटा पकडीत बसवला, स्क्रू आवळला. पहिली तबकडी ठेवली. आता दांडा उचलून टेकवायचा, आणि नेमकं ते काम त्याचं कधीच नव्हतं. हात तसाच हवेत राहिला, आणि त्या हाताबरोबर त्याला विश्रामगृहातली एक दुपार आठवली.

मनकर्णेच्या लग्नाला चार वर्षं झालेली, कडेवर मुलगा प्रणित. ती म्हणाली होती, "अवो, ह्या तव्याच्या मागं जे हाय ना, ते ह्याचं नाई वाटत मले. वरचं जिथी तुटते तिथी मागचं धरतच नाई. हे दुसऱ्या घरचं लेकरू हाय. आपुन एकडाव समदे सुलटे लावून पाहू, मंग समदे उलटे."

आणि तो काय म्हणाला होता? हसला होता. "सरकारी नंबर हाय तो. रेंजर सायबापुढं रंगवला. तू चौथी शिकली, तुले विलायतेतलं समजते काय वो?" तिने पुन्हा हट्ट धरला तेव्हा मात्र तो खेकसला होता, नोकरी घालवतेस का म्हणून. जणू तबकड्या उलट्या क्रमाने लावल्या तर खातं चौकशी बसवणार होतं. त्यानंतर मनकर्णा त्याबद्दल एक शब्द बोलली नाही. फक्त दर पौर्णिमेला, पाचवा तवा उलटला आणि मागची बाजू सुरू झाली की ती हलकेच म्हणायची, "हे जुळलं."

त्याला वाटे, तिला तो तवा आवडतो. चाळीस वर्षं त्याला तसंच वाटत आलं. पहिला-दहावा, दुसरा-नववा, तिसरा-आठवा, चौथा-सातवा. आणि पाचव्याच्या मागे सहावा. सगळ्या संचात फक्त तिथेच, एकाच जागी, पुढची बाजू मागच्या बाजूला खरी जुळत होती. आणि ती बाई दर महिन्याला ते त्याच्या तोंडावर सांगत होती.

मुखरूने दांडा परत जागेवर ठेवला. त्याचे डोळे भरून आले होते, आणि ते लपवावेत असंही त्याला वाटलं नाही.

"मॅडम, समदे सुलटे आधी लावतो. मंग उलटे."

"नक्की? आत्ताच तर तुम्ही..."

"तिनं सांगतलं होतं. मीच आयकलो नाई."

काटा टेकला. थोडी सरसर झाली आणि मग दुरून, खूप दुरून, ती सगळी माणसं वाजवू लागली. नव्वद वर्षांपूर्वी कुठल्याशा सभागृहात कोट घालून बसलेली माणसं. त्यांतलं आज कोणीही नव्हतं. काट्याच्या आवाजात चकाकी नव्हती, पण लाकूड लाकडासारखं वाजत होतं आणि हेला हेल्यासारखा. उर्वशीने डोळे मिटले. चार मिनिटांनी सूर मध्येच तुटला, नेहमीसारखा. मुखरूने काटा काढला, दुसरा बसवला, दुसरी तबकडी ठेवली. हे सगळं त्याने इतक्या भरभर केलं की त्याला स्वतःचंच नवल वाटलं. तुटलेल्या जागेपाशी कोणीतरी दार धरून उभं होतं आणि त्याला ताटकळत ठेवायचं नव्हतं.

दुसरा भाग सुरू झाला आणि सुराने सूर धरला. जिथे खालचा आवाज अर्ध्यावर थांबला होता तिथूनच कोतवाल बोलू लागला.

"अवो माय!" अंगणातून आवाज आला. गिरजाबाई सूप तसंच टाकून दाराशी आली होती. "हे तं मनकर्णाबाईचं गानं!"

मुखरूने वळून पाहिलं. गिरजाबाई मनकर्णेच्या बरोबरीची. दोघींनी पंचवीस-तीस वर्षं एकाच ओळीत भाताचं रोवणं केलं. पेटीचा तिला मनस्वी कंटाळा. पौर्णिमेला पेटी लागली की ती मुद्दाम दळणाला जायची.

"कोनतं गानं?"

"हेच! रोवन्याच्या रांगेत वाकली का हेच म्हने, ऊं-ऊं करून. अस्संच, हे इथून तिथी जाते ना, अस्संच. आमी पुसलो, याले शब्द नाई काय वो? हे कोनाचं गानं? तं म्हने, घरी तुटते बाई हे, इथी जोडून पाहून राह्यली."

पेटी वाजत होती. मुखरूने भिंतीला पाठ टेकली. उर्वशीने एकदा माइककडे पाहिलं, त्यात गिरजाबाईचा सगळा आवाज गेला होता. तिने तो बंद केला नाही, गिरजाबाईलाही गप्प केलं नाही.

तिसरा, चौथा, पाचवा. मग गठ्ठा उलटला. सहाव्या भागात एक हळू, लांबलचक जागा आहे, आणि तिथे त्या वाजवणाऱ्यांपैकी कोणीतरी बारीकसं खोकलतो. मनकर्णा दरवेळी म्हणे, "अद्रक चाट गा भाऊ." आजही खोकला आला. "अद्रक चाट गा," मुखरू पुटपुटला. गिरजाबाई दाराच्या चौकटीलाच टेकून खाली बसली होती. तांदळाकडे गावातल्या कोंबड्या लक्ष देत होत्या आणि तिचं तिकडे लक्ष नव्हतं.

सातवा, आठवा, नववा. डबीत आता तो अर्धा काटा तेवढा राहिला.

"शेवटच्या बाजूला माझी सुई लावू का?" उर्वशीने भीतभीत विचारलं. "एकदाच. तबकडीला काही होणार नाही."

मुखरूने नाही म्हणून मान हलवली. चष्मा पुसला, मनकर्णेचंच ब्लेड घेतलं आणि दारातल्या उजेडात बसून टोक काढू लागला. जास्त तासलं तर काटा वाया, कमी तासलं तर खरखर. आणि दुसरा नव्हता. दोन्ही बाया त्याच्या हाताकडे बघत होत्या. साल तिने काढलं होतं, तिने जिथे सोडलं तिथपासून त्याने पुढे धरलं. मग घासकागदावर सावकाश फिरवत राहिला.

वेळ जावा म्हणून उर्वशीने संग्रहाची वही काढली. "देणगीदाराचं नाव लिहायचं असतं काकाजी. मुखरू..."

"मनकर्णा मुखरू निमगडे लिहा."

तिने लिहिलं. "आणि इथे शेरा लिहायचा. तबकड्यांचा क्रम कुणी लावला वगैरे. मी संग्रहाचं नाव..."

"तेबी मनकर्णाच लिहा," तो काट्यावरून नजर न काढता म्हणाला. "चौथी पास. तेबी लिहा."

काटा झाला. त्याने बोटाच्या पेरावर टोक लावून पाहिलं आणि पकडीत बसवला. चावी पूर्ण भरली, अगदी घट्ट होईपर्यंत. पहिली तबकडी, पाठची बाजू. चाळीस वर्षं दुसरी म्हणून ऐकलेली ही बाजू आज शेवटी लागत होती.

सुरुवातीला थोडी खरखर झाली. मग काटा रुळला.

सगळी वाद्यं एकदा दणकून एकत्र आली. ही जागा त्याला तोंडपाठ होती, पण आतापर्यंत ती त्याला भांडणासारखी वाटायची; काही घडायच्या आधीच इतका आरडाओरडा कशाला, असं वाटायचं. आज नऊ भाग ऐकून झाल्यावर ते भांडण राहिलं नव्हतं. दिवसभर रोवणं करून बाया घराकडे निघाव्यात तसा तो आवाज होता. मग एकेक जण गप्प होऊ लागला. हेला थांबला. कोतवाल एकदा बोलला आणि थांबला. सूर हळू होत गेले, बारीक होत गेले.

मुखरूचा हात सवयीने चावीकडे गेला. मूठ वळली. आणि तिथेच राहिली.

मशीनने दम सोडला नव्हता. तबकडी पूर्ण वेगाने फिरत होती. ते गाणंच तसं संपत होतं. रचणाऱ्याने ते असंच संपवलं होतं, वाजवणाऱ्यांनी असंच वाजवलं होतं, आणि चाळीस वर्षं मनकर्णा ते ऐकायला धडपडत होती आणि तो शेजारी बसून खडखडा चावी फिरवत होता. आता शेवटचा एक सूर राहिला, एकाच वाद्याचा, इतका हलका की डाव्या कानानेही तो वाकून ऐकावा लागला. तो सूर कधी संपला ते तिघांपैकी कोणालाच नीट सांगता आलं नसतं.

पुढे नुसती सरसर राहिली. काटा आतल्या मोकळ्या खाचेत फिरत होता. दांडा उचलायला हवा होता, पण ते काम मनकर्णेचं होतं, म्हणून मुखरूने उचलला नाही. उर्वशी हलली नाही, गिरजाबाई हलली नाही. दोन-तीन मिनिटांनी चावी आपोआप उतरू लागली, सरसर मंद झाली, तबकडी हळूहळू फिरत आली आणि थांबली.

मुखरूची मूठ अजून चावीवरच होती.

"थांबलो वो," तो म्हणाला.